पायरीला हात

२१ मार्च १९५८, पाडवा

वही माझ्या लेकीची, वत्सलाची आहे. लग्नाआधी शाळेत बक्षीस मिळाली होती, पहिल्या पानावर तिनं मोर काढून ठेवलाय. ते पान तसंच सोडून मी दुसऱ्यापासून लिहायला घेतलं.

आज गुढी उभारून झाल्यावर चावडीपुढे सभा भरली. वर्ध्याहून भैय्याजी आले होते. गावोगाव पायी फिरतात, चपलेचा अंगठा तुटलेला, पण बोलणं लाख मोलाचं. म्हणाले, औंदा ज्वारीची कणसं भरली नाहीत, पावसाळ्यात कित्येक घरांत चूल पेटणार नाही. तेव्हा प्रत्येक घरातल्या बाईनं दळायला बसताना एक मूठ ज्वारी वेगळी काढावी, देवळात कणगी ठेवून त्यात ती साठवावी, आणि ज्याचे दाणे संपतील त्याला द्यावी. पुरुषमंडळी माना डोलवत बसली. पुढे कुणी होईना. शेवटी मीच उठले आणि म्हटलं, "मूठ काढाची आमी बायायनं, मंग कनगी बी आमीच पाहू."

भैय्याजी म्हणाले, "ताई, रोज चार ओळी लिहीत जा. पुढच्या गावांना उपयोग होईल." म्हणून ही वही.

घरी आल्यावर हे म्हणाले, "पाटलाच्या बाईनं चावडीवर उभं राहावं काय?" पण मिशीत हसत होते.

२ एप्रिल

कुंभाराकडून मडकी आली. मी बसून प्रत्येकावर चुन्यानं स्वस्तिक काढलं, हात भरून आला. घरोघर वाटली. शनिवारी मडकी मारुतीच्या देवळात आणायची आणि कणगीत ओतायची, असं ठरलं.

दुपारी देवका आली. मी तिला तोंडावर देवकाबाई म्हणते, गावात दुसरं कुणी म्हणत नाही. गावाची सुईण. वत्सला पायाळू होती, तिचे पाय आधी येत होते. देवकानं पोटात हात घालून तिला फिरवली नसती तर आज आम्ही दोघीही नसतो. दीड वर्षापूर्वी तिच्या सगळ्या वस्तीनं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, घरातले देव धाम नदीत सोडले. तेव्हापासून मेलेलं ढोर ओढायला कुणी येत नाही आणि गावाला त्याचा राग आहे. मला नाही. ज्याचा त्याचा धर्म.

अंगणात उभी राहून म्हणाली, "बाई, मूठ साऱ्या गावाची म्हनता, मंग आमचं मडकं कुठं हाये?"

मला खरंच बरं वाटलं. ह्यांना सांगितलं तर उसळलेच. "पागल झाली का तू? त्यायची जवारी आपल्या जवारीत मिसळली तं गावात एक बाई मूठ काढनार नाई." तेही खरंच. मग मी तोड काढली. देवळाच्या ओवरीत एकाऐवजी दोन कणग्या ठेवायच्या. एक गावाची, एक त्यांची. कुणाचं मन दुखायला नको. हे म्हणाले, "तुह्यं डोकं वकिलाचं हाये."

देवका मडकी घेऊन गेली. नत्थू गडी सांगत होता की नदीवर नेऊन तिनं आधी सगळी घासली, माझी स्वस्तिकं पुसून टाकली. मी इतक्या हौसेनं काढली होती.

१९ एप्रिल, शनिवार

कणग्या भरतायत. गावाची मोठी आहे, पण सावकाश चढते. मूठ कशी काढतात ते मी पाहिलंय. चंद्रभानची आई तर चिमटीनं काढते आणि वर सांगते, "भरून टाकली हो बाई." हसावं की रडावं!

वस्तीची कणगी मात्र भराभर वर आली. त्यांची मूठ गच्च असते. रोजंदारीवर जगणारी माणसं, यांना इतकं कसं परवडतं? आपण गावापेक्षा कमी नाही हे दाखवायची हौस, दुसरं काय.

देवका मडकं ओतताना म्हणाली, "सून पोटुशी हाये, तिच्या बी हातची मूठ हाये याच्यात." सुनेचं नाव गुलाब. नाजूक पोरगी आहे.

१० मे

गुलाबला मुलगी झाली. देवकानं स्वतःच्याच नातीची नाळ कापली. मी नत्थूबरोबर गुळाचा खडा पाठवला.

२४ मे

आज कणगीसाठी नेमलेल्या मंडळाची बैठक झाली आणि मी जिंकले.

प्रश्न असा होता की गरजू कोण हे ठरवायचं कसं? उद्या ज्याच्या घरी पोती आहेत तोही पदर पसरून उभा राहील. घराघरात शिरून मडकी तपासणं बरं दिसत नाही. मी सुचवलं की घेणाऱ्यानं मारुतीच्या पायरीला हात लावून म्हणावं, "माह्या घरी दाना नाई." खोटं बोलायची कुणाची छाती होणार नाही. सगळ्यांना पटलं.

मग मंडळातल्या चंद्रभाननं विचारलं की वस्तीवाले आले तर? पायरीला हात लावणार? हे म्हणाले, "आज पायरी, उद्या गाभाऱ्यात येतीन."

माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मी म्हटलं, "कायद्यानं त्यायले कोनी अडवू शकत नाई. शपथ घ्याची तं साऱ्यायनं घ्याची. त्यायचा हात लागून मारुती बाटते काय?" बराच वेळ वाद झाला. ह्यांनी आठवण करून दिली की ह्यांच्या लहानपणी देवकाच्या सासऱ्याचा हात चुकून त्याच पायरीला लागला होता, तर गावानं त्याचा हात मोडला होता. मी म्हटलं, म्हणूनच. आता ते पाप धुऊन काढू. शेवटी सगळे कबूल झाले. पुढच्या आळीतल्या दोघी बोलत नाहीत माझ्याशी, न बोलू देत.

आज झोप चांगली लागेल. आयुष्यात एक काम केलं.

१४ जून, शनिवार

आज पहिलं वाटप. पावसाचा पत्ता नाही, आभाळ नुसतं येतं आणि जातं. शेतावर काम नाही म्हणून मजुरी नाही.

गावातले लोक एकेक करून आले, पायरीला हात लावला, शपथ घेतली, ओटीत ज्वारी घेऊन गेले. चंद्रभानची आईही आली! तिच्या घरच्या पेवात किती ज्वारी आहे ते साऱ्या गावाला ठाऊक आहे. दोन्ही हात पायरीवर ठेवून अशी काही म्हणाली की मलाच शहारा आला. आता मी काय करणार? शपथ म्हणजे शपथ. मारुती बघून घेईल.

वस्तीतली माणसं निंबाखाली उभी होती. मी स्वतः हाक मारली, "या ना, देवकाबाई. आज कोनी काही म्हननार नाई. लावा हात."

ती पायरीपासून दोन हातांवर येऊन थांबली. म्हणाली, "शपथ कायची, बाई? माह्या घरी चालून पाहा. चूल पाहा, मडके पाहा. खोटी निंगाली तं दारात उभी नोका करू."

मी म्हटलं, "कोनाच्याच घरी आमी जात नाई. नेम साऱ्यायले एकच."

तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "याच पायरीले हात लागला म्हनून माह्या सासऱ्याचा हात मोडला. तवा आमाले लावाचा होता. आता नाई लावाचा. देवाच्या पाया पडनार नाई म्हनून आमी नागपुरात बोलून आलो. बोललेलं खायाले लावता काय, बाई?"

आणि वळली. तिच्यामागे सगळेच वळले. मी माप हातात घेऊन उभी. ज्यांच्यासाठी मी गावाशी भांडले त्यांनीच गावापुढे माझं नाक कापलं. चंद्रभान तर तोंडावर हसला.

२८ जून, शनिवार

पुन्हा तेच. देवका एकटी आली होती. म्हणाली, "मंग आमची कनगी आमाले देऊन टाका. ते तं आमच्याच हातची जवारी हाये."

दान दिलेलं कुणी परत मागतं का? मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "दानच हाये. उपाश्याले द्याचं म्हनून देल्लं. आता आमी उपाशी हाओ."

बोलायला मोठी हुशार. पण एका कणगीला एक नेम आणि दुसरीला दुसरा, असं कसं चालेल? शिवाय आता प्रश्न ज्वारीचा राहिला नाही. मी रात्रंदिवस झटून उभं केलेलं काम असं कुणाच्या ताठ्यासाठी वाकवायचं नाही. हेही म्हणाले, "भुकेनं येतीन, पाहाजो. घाई कायची?"

घरी येऊन जेवले नाही, इतका संताप आला होता. मग हे म्हणाले म्हणून थोडं खाल्लं.

१२ जुलै

पाऊस पडतोय, पण निंदणाला अजून अवकाश आहे. वस्तीतली बरीच माणसं हिंगणघाटकडे काम शोधायला गेली. देवकाचा मुलगा तानबाही गेला. सून, नात आणि देवका इथंच. नत्थू सांगत होता, बाया रानातून तरोटा खुडून आणतात आणि मीठ न घालताच उकळून खातात. तरोट्याची भाजी आम्हीही करतो, लसूण घालून चांगली लागते.

१९ जुलै

अधिक श्रावण लागला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं, त्यामुळे वत्सला आणि जावई उद्या येतील. वत्सलाला सातवा महिना सरत आलाय, ती आता बाळंतपणापर्यंत इथंच. अनारशांचे तांदूळ भिजत घातलेत. घर कसं भरल्यासारखं वाटतंय!

२३ जुलै, बुधवार

लिहू की नको असं झालंय, पण भैय्याजींनी खरं लिहायला सांगितलंय.

दुपारी अनारसे तळत होते. नत्थू धावत आला की देवका देवळापुढे बसली आहे आणि उठत नाही. तसेच तुपाचे हात पदराला पुसून गेले. भरदुपारी देवळापाशी चिटपाखरू नव्हतं. मला पाहिल्यावर ती उठली, पायरीपाशी गेली, वाकली आणि दोन्ही तळवे पायरीवर टेकवले. बराच वेळ तशीच राहिली. मग म्हणाली, "माह्या घरी दाना नाई. लावला हात, बाई. पाहून घ्या. गुलाबले दूध नाई राह्यलं. पोट्टी आता रडत बी नाई. द्या."

मला भरून आलं. खरंच आलं. मी म्हणत होते तेच शेवटी झालं ना! पण माझ्या मनात आलं की हे कुणी पाहिलं? सव्वा महिना सगळ्या गावापुढे नाही म्हणाली आणि आता एकटीत हात लावते. उद्या चंद्रभान म्हणेल की पाटलीणबाईनं गुपचूप कणगी उघडली. आणि वाटप शनिवारी, हा नेम मीच घातलेला. मी समजावून म्हटलं, "शनवारी येजो, देवकाबाई. साऱ्यायपुढं लावजो हात. मी सोता मापून देईन, दोन मापं जास्तीचे देईन."

ती म्हणाली, "लेकराले काय समजते, आज बुधवार हाये म्हून?"

ती हात झटकत निघून गेली.

परत आले तर कढईतला घाणा करपला होता. घरातून शेरभर ज्वारी पाठवावी असं वाटलं होतं. पण मग रोज दारात रांग लागली असती. एखादा अनारसा तरी पाठवावा म्हटलं, तर वाणाचे तेहेतीस मोजून ताटात लावलेले, एक काढला की वाण मोडतं. राहिलं.

तीन दिवसांचा तर प्रश्न आहे.

२६ जुलै, शनिवार

मी जास्तीची दोन मापं आधीच बाजूला काढून ठेवली होती. आरती झाली, वाटप झालं, सगळे गेले तरी थांबले. देवका आली नाही. चंद्रभान म्हणाला, "कायले वाट पाहून राह्यल्या, काकू?"

नत्थूकडून कळलं की गुलाबची मुलगी काल सकाळी गेली.

एक दिवस. अवघा एक दिवस थांबायला हवं होतं. मला फार वाईट वाटलं. पण असंही मनात येतं की चौदा जूनलाच हात लावला असता तर ही वेळ आली असती का? कुणाच्या ताठ्याचं फळ कुणाला भोगावं लागतं. वत्सलाला सांगितलेलं नाही, पोटुशीच्या कानावर असलं पडू नये.

१७ ऑगस्ट

भैय्याजी आले! पावसात, चिखलात, पायी. कणगी पाहून त्यांचे डोळे पाणावले. म्हणाले, "ताई, जिल्ह्यात पुष्कळ गावांच्या कणग्या आषाढातच रिकाम्या झाल्या. तुमच्याकडे अजून शिल्लक आहे! म्हणजे गावात कुणी उपाशी राहिलं नाही." मी मान खाली घातली. स्वतःची स्तुती ऐकवत नाही.

मग ओवरीतल्या कोपऱ्याकडे बोट करून विचारलं, "आणि ही दुसरी?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून चटकन निघालं, "ते मुक्या जिवांसाठी हाये, भैय्याजी. पाखरायची." ते फारच खूश झाले. पुढच्या गावात हे सांगणार आहेत. वेळेवर सुचलं म्हणून बरं.

पोळा

दुसऱ्या कणगीला किडा लागला होता. हात घातला तर निम्मं पीठच. गावातलं कुणी ती खाणार नाही, वस्तीतलं कुणी न्यायला येत नाही, आणि भैय्याजींना शब्द दिलेला. काल ती सगळी काढून पाखडली आणि मोठ्या हंड्यात शिजवली. आज गावातले बैल तोरणाखालून आले तेव्हा त्यांना खाऊ घातली. आमच्या जोडीनं टोपलं चाटून पुसून ठेवलं. बिचारे वर्षभर राबतात.

कणगी शेणानं सारवून उन्हात ठेवली आहे.

संध्याकाळी देवळाच्या पायरीशी मडकी ठेवलेली दिसली. एप्रिलमध्ये वस्तीत दिली होती ती सगळी. धुऊन, पालथी घालून, ओळीनं. कुणी ठेवली ते कुणी पाहिलं नाही. एकही फुटलेलं नव्हतं.

२४ सप्टेंबर

देवा मारुतीराया, तुझे उपकार! वत्सला सुखरूप आहे. मुलगी झाली.

पहाटेपासून कळा सुरू होत्या. सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं आमचं केव्हाच ठरलं होतं, पण धाम दोन्ही काठ सोडून वाहते आहे, गाडी घालायची सोय नाही. सकाळ वर आली तरी सुटका होईना. वत्सलाचा आवाज बसला. ह्यांनी नत्थूला वस्तीवर पिटाळलं. मी दारात उभी होते आणि मनात म्हणत होते, ती येणार नाही. मी तिच्या जागी असते तर आले नसते. हे असं मनात का आलं कोण जाणे.

ती आली. गुडघ्याएवढ्या चिखलातून आली. फार वाळली आहे, हाडांवर लुगडं गुंडाळल्यासारखी. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाय धुतले, हातांना तेल लावलं आणि आत गेली. मी बाहेर मारुतीचा धावा करत बसले. मध्येच तिचा आवाज ऐकू येत होता, "हो माय, जोर लाव माय, आलं पाहा." स्वतःच्या लेकीशी बोलावं तसा.

पोर पायाळू, आईसारखीच. तिनं तसंच हात घालून फिरवलं. रडण्याचा आवाज आला तेव्हा हे ओसरीवर मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी तिचे पाय धरायला निघाले होते, पण बाळंतघरातून आलेल्या सुइणीला कसं शिवायचं?

मग रीतीप्रमाणे मी सुपात ज्वारी भरली. घरच्या कोठीतली, निवडक, टपोरी. वर गूळ, खोबऱ्याची वाटी, नवं लुगडं. तिच्यापासून हातभर अंतरावर सूप ठेवलं. मापात काही कमी नको म्हणून शिगोशीग भरलं होतं.

तिनं सुपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आवाज न चढवता, जसं काही खरंच विचारायचं आहे असं म्हणाली, "पायरीले हात लावून येऊ काय बाई, पह्यले? आज बी बुधवारच हाये."

मी म्हटलं, "आज राहू दे."

ती उठली. अंगणातल्या रांजणाशी जाऊन नत्थूकडून हातांवर पाणी घालून घेतलं, कोपरापर्यंत घासून हात धुतले, आणि निघून गेली. सूप तसंच.

मला रागही आला. शुभ दिवशी घरात असं बोलावं? मी तिला काय कमी केलं? सगळं गाव अंगावर घेऊन मी तिच्यासाठी ती पायरी मोकळी केली होती. नंतर आम्ही सगळ्यांनी आंघोळी केल्या, बाळंतिणीच्या खोलीत गोमूत्र शिंपडलं, रीतच आहे. सूप अजून अंगणात आहे. तिच्यासाठी काढलेलं आता कोठीत परत ओतता येत नाही. उद्या बैलांना घालायला सांगेन.

नात गोरीपान आहे, मुठी आवळून दूध पिते. वत्सलाला पान्हा इतका की चोळी भिजते. मघाशी बाळाला दुसऱ्या बाजूला घेत म्हणाली, "आई, देवकाबाईच्या सुनेले बी पोरगीच झालती ना उन्हाळ्यात? आता बसाले लागली असन, नाई?"

मी म्हटलं, "झोप आता. बोलू नको, वारा लागते."